एका इंचाचा पहारेकरी

मी एक बोळा बोलतोय. हसू नका. कागदाचा नव्हे, चिंध्यांचाही नव्हे, चांगला अस्सल लोकरीचा बोळा. एका जुन्या घरात मागच्या खोलीच्या खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामध्ये एक इंच जागा राहिली होती. त्या जागेत मला कोंबलेलं होतं. थंडी अडवणं हे माझं काम. कितीतरी वर्षं मला वाटायचं की हे घर माझ्याच जोरावर उबदार आहे. गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं ना, गाडी आपणच ओढतोय, तो कुत्रा माझा सख्खा भाऊ.

मी काही जन्मतः बोळा नव्हतो. बोळा होण्याची हौस कुणाला असते? मी मूळचा एका राखाडी स्वेटरचा उजवा हात. ज्या बाईनं मला विणलं तिचं नुकतंच लग्न झालं होतं आणि ती विणकाम शिकत होती. डाव्या बाहीच्या वेळी तिनं टाके नीट मोजले. माझ्या वेळी शेजारीण गप्पा मारायला बसली आणि मोजणी राहिली. मी चार बोटं जास्त वाढलो. थोडक्यात, माझा जन्मच मुळी चुकीतून झाला.

तिचा नवरा सुतार. गावातली निम्मी दारं-खिडक्या त्याच्या हातची, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणत. मिस्त्रींनी स्वेटर अंगात घातला तर उजवा हात दिसेनासा झाला.

"लांब झाली का हो बाही?" तिनं विचारलं.

"छे! झकास झालाय," मिस्त्री म्हणाले आणि तिची पाठ वळताच त्यांनी मला आतून दुमडून घेतलं. पुढं कित्येक हिवाळे ते मला रोज सकाळी तसेच दुमडत राहिले. एका अक्षरानं बोलले नाहीत.

आता त्या इंचाची गोष्ट. हे घर बांधलं तेव्हा खिडकी मिस्त्रींनी स्वतः केली. माप घरी घेतलं चांगल्या पट्टीनं आणि लाकूड कापलं कारखान्यातल्या मोडक्या पट्टीनं. त्या पट्टीचा पहिला इंच कधीचाच तुटला होता. एरवी ते तेवढा इंच मनात धरून कापायचे. त्या दिवशी धरायचा राहिला. चौकट बसवली तर एका बाजूला ही फट! नवी करावी तर लाकूड उरलं नव्हतं. शिवाय बायको खिडकीत उभी राहून म्हणाली होती, "काय देखणी झालीय हो!" आणि बोलता बोलता तिनं पडदा त्या बाजूला सरकवून दिला.

झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. दिवसभर हाताखालच्या माणसांना मापाचे धडे द्यायचे आणि घरी येऊन पडद्याआड वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, असा मिस्त्रींचा संसार सुरू झाला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

पुढं स्वेटर कोपरांत विरला, गळ्याशी उसवला. एक दिवस मिस्त्री कामावर गेलेले असताना तिनं कात्रीनं मला खांद्यापासून वेगळं केलं, घट्ट गुंडाळलं आणि कालथ्याच्या दांड्यानं त्या फटीत ठोकून बसवलं. संध्याकाळी मिस्त्रींनी पडदा बाजूला केला. मला ओळखलं. बराच वेळ पाहत राहिले, मग पडदा परत ओढून जेवायला गेले. त्या जेवणातही दोघं भाजीत मीठ कमी आहे की जास्त, एवढंच बोलले.

ती गेली त्याला आता आठ वर्षं झाली. त्यानंतर मला त्या फटीतून काढायची कुणाची हिंमत नव्हती, खुद्द मिस्त्रींचीही.

मी मात्र फुगलो होतो. त्या खोलीत आता मिस्त्रींचा मुलगा, सून आणि त्यांची लहान मुलगी चिमी राहत. खोली गारठली की मुलगा हीटर आणायचा. पहिला आणला छोटा. मग मधला. मग असा मोठा की तो लावला की शेजारच्या खोलीतला दिवा मंद व्हायचा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! सगळी ऊब माझ्या अंगावरून बाहेर जात होती आणि मला वाटायचं, वा, आपल्याला काय मस्त शेक मिळतोय.

चिमी खोकायची. पहिली थंडी पडली की जो खोकला लागायचा तो उन्हाळ्यापर्यंत. शेवटी सुनेनं नव्या इमारतीत भाड्याची जागा पाहिली. मिस्त्रींना म्हणाली, "बाबा, तुम्हीही चला."

"मी हे घर सोडून कुठं येऊ? तुम्ही जा," मिस्त्री म्हणाले आणि पुढं दोन दिवस नीट जेवले नाहीत. सुनेनं निम्मं सामान खोक्यांत भरलं. महिनाअखेरीला निघायचं ठरलं.

त्याच आठवड्यात एक बाई आल्या. जुन्या घरांतून ऊब कुठं गळते ते शोधून देणारं एक कार्यालय असतं म्हणे, तिथल्या. मुलानंच बोलावलं होतं, शेवटचा उपाय म्हणून. येताच त्यानं विचारलं, "मॅडम, याहून मोठा हीटर मिळेल का?"

बाई हीटरकडं पाहून म्हणाल्या, "बादलीला भोक असेल तर नळ मोठा करून काय उपयोग? आधी फटी, मग छत. हीटरचं सगळ्यात शेवटी बघू."

त्यांनी घराच्या मुख्य दाराला कापड ताणून बसवलं, त्यात एक पंखा. पंखा घरातली हवा बाहेर फेकणार, म्हणजे जिथं जिथं फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसणार. मग हातात एक धुराची कांडी घेऊन त्या खोल्यांतून फिरू लागल्या. दाराखाली धूर उडाला, माळ्याच्या झाकणापाशी उडाला. सून वहीत लिहून घेत होती. मग बाई माझ्या खिडकीकडं वळल्या.

आणि घरातली सगळी माणसं मूग गिळून गप्प झाली. सून छताकडं पाहू लागली. मिस्त्री आपल्या नखांकडं. मुलगा घाईनं पुढं आला.

"इथं काही नाही मॅडम. ही खिडकी आमच्या बाबांच्या हातची आहे. इथं फट असणं शक्यच..."

बाईंनी पडदा सारला आणि कांडी माझ्यासमोर धरली. मी छाती फुगवली. आता पाहा म्हटलं माझा पराक्रम! धुराचा लोट माझ्या अंगातून आलेल्या वाऱ्यानं असा मागं उडाला की थेट मुलाच्या तोंडावर. बिचाऱ्याचं "शक्यच" खोकल्यात गेलं.

बाईंनी मला दोन बोटांत धरून बाहेर ओढलं. किती वर्षांनी उजेड पाहिला! स्वतःकडं पाहिलं आणि वाटलं, परत आत घाला. राखाडी कसला, काळाकुट्ट झालो होतो.

"हा बघा," बाई म्हणाल्या. "हा इतका काळा झालाय, कारण सगळी हवा याच्यातूनच येत होती. हा थंडी अडवत नव्हता, नुसती धूळ गाळत होता."

इतक्या वर्षांची नोकरी, आणि हा निरोपाचा दाखला! मी पहारेकरी नव्हतो, चहाची गाळणी होतो.

मिस्त्री पांढरेफटक पडले होते. बाईंच्या ते लक्षात आलं असावं. त्या मऊपणानं म्हणाल्या, "जुनी घरं बसतात हो थोडी. चौकट हलते. कुणाचा दोष नसतो त्यात."

"हो, हो! घरच बसलंय!" मुलानं लगेच ते वाक्य झेललं.

मिस्त्रींनी एवढंच म्हणायचं होतं, "हो, बसलंय." अब्रू वाचली असती. त्यांनी एकदा त्या फटीकडं पाहिलं. शेजारच्या खोलीत बसलेली चिमी खोकली. मिस्त्रींनी मान हलवली.

"घर बसलेलं नाही. माप चुकलं. माझं. पहिल्या दिवसापासून चुकलंय."

मग सून हळूच म्हणाली, "आम्हाला माहीत होतं बाबा."

"कधीपासून?"

"मी लग्न होऊन आले त्या हिवाळ्यापासून. रात्री टोपी घालून झोपायचो आम्ही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," मुलगा म्हणाला.

"अरे गाढवा," मिस्त्री म्हणाले, "मला वाईट वाटू नये म्हणून पोरीला खोकू दिलंत? आणि माझी लाज जाऊ नये म्हणून मीही खोकू दिलं. सगळेच शहाणे आपण!"

त्या वेळी मला लाज वाटली. खरंच वाटली. मी थंडी अडवली नव्हती, पण बोलणं मात्र चोख अडवलं होतं. मी तिथं होतो म्हणून सगळ्यांना वाटत होतं की काहीतरी केलेलं आहे.

बाईंनी पिशवीतून फटीत फुगून घट्ट होणाऱ्या फेसाचा डबा काढला. "हा फवारला की पाच मिनिटांत काम होईल."

"फेस कडेनं फवारा, ताई," मिस्त्री म्हणाले. "मधल्या जागेत लाकूड बसेल." त्यांनी नवी टेप मागवली. माप स्वतः घेतलं, मग सुनेला घ्यायला लावलं, मग मुलाला. तिघांचं एकच आलं तेव्हा करवतीला हात घातला. दुपारपर्यंत लाकडाची पट्टी बसली, कडा फेसानं भरल्या. बाईंनी पुन्हा पंखा लावून कांडी धरली. धूर सरळ वर गेला. मिस्त्री कितीतरी वेळ त्या धुराकडं बघत उभे होते. पुढच्या आठवड्यात माळ्यावर ऊब धरून ठेवणारा जाड थर अंथरून झाला, दाराखाली रबर लागलं. मोठा हीटर परत गेला. आता छोटाच चालतो, तोही थोडा वेळ.

महिनाअखेर आली. कडाक्याची थंडी होती. सकाळी सून उठली तर चिमी पांघरूण लाथाडून, हातपाय पसरून झोपलेली. खोकला नाही. सुनेनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, भिंतीला लावून पाहिला, आणि काही न बोलता एक खोकं उघडून त्यातले कपडे परत कपाटात लावायला घेतले.

आता माझं म्हणाल तर मी केराच्या बादलीपर्यंत जाऊन आलो. मिस्त्रींनी तिथून उचललं, साबणानं धुतलं, तीन वेळा पाणी काळं निघालं. वाळल्यावर पाहतो तर मी अजून राखाडी! लोकांनो, तुमच्याही घरात माझे भाऊबंद असतील. दाराखाली, पाइपाभोवती, पडद्यामागं. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. एकदा ओढून काढा आणि मागं काय आहे ते बघा. आम्हाला वाईट वाटणार नाही. आम्ही बोळे आहोत, आमची कसली आलीय अब्रू!

मी वाळलो त्या संध्याकाळी मिस्त्रींनी मला उजव्या हातावर चढवलं. हात आता बारीक झालाय, मी आणखीच लांब पडलो. सवयीनं त्यांनी मला दुमडायला घेतलं, आणि थांबले. भिंतीवरच्या तिच्या फोटोकडं पाहून म्हणाले,

"लांब झाली होती गं बाही. चार बोटं. तेव्हाच सांगायला हवं होतं."

मग तसाच न दुमडलेला मी, बोटांच्या पुढं लोंबत, त्यांच्या हातावर बसून राहिलो.