दोन बर्फगाड्यांचे मचाण

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कल्पना करा. बर्फ इतका पडला आहे की कुंपण दिसेनासे झाले आहे. श्वास सोडलात की तोंडापुढे छोटा ढग तयार होतो. अंगणात एक निळा पिकअप ट्रक उभा आहे. त्याच्या पाठीवर, ट्रकपेक्षाही रुंद असा एक सपाट ओटा आहे आणि त्यावर शेजारी शेजारी दोन बर्फगाड्या बसल्या आहेत. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे दातेरी रबराचा फिरता पट्टा आणि मध्ये गुरगुरणारे इंजिन, अशा त्या गाड्या.

दिसला तो ओटा? तोच मी! मी एक जुने मचाण आहे. कॅनडातल्या डोंगराळ मुलखात एका सुताराने आणि त्याच्या मुलीने मला घरीच बनवले.

मचाण होण्याआधी मी कठडा होते. गावातल्या हॉकीच्या मैदानाभोवती जे पांढरे, गुळगुळीत, जाड प्लास्टिकचे कठडे असतात ना, त्यांपैकी एक. हॉकीची काळी चकती माझ्या अंगावर धाडकन आदळायची, लोक ओरडायचे, आणि मलाही ओरडावेसे वाटायचे. मग नवे कठडे आले. आम्हा जुन्यांना मैदानामागे टाकून दिले. तिथे कोणी ओरडत नव्हते. कोणी बघतही नव्हते.

मैदानाची देखभाल करणारा विल्फ हा लॉर्न सुताराचा शेजारी. एका शरद ऋतूत त्यानेच आम्हाला ट्रकात घालून लॉर्नच्या अंगणात आणून टाकले.

लॉर्नला घाई होती, आणि त्याचे कारण होते त्याची मुलगी मार्नी. दर फेब्रुवारीत सगळे गाव बर्फगाड्या घेऊन डोंगरावरच्या लाकडी झोपडीपर्यंत जाई. बारा वर्षे पुरी झाल्याशिवाय स्वतःची गाडी चालवायची नाही, असा गावाचा नियम. आजवर मार्नी बापाच्या मागे बसून, त्याच्या पाठीला नाक घासत गेली होती. या वर्षी ती बारा वर्षांची झाली होती. आजीने आपली जुनी पिवळी गाडी तिला देऊन टाकली होती. पण ट्रकात गाडी मावायची एकच! आता दोन गाड्या न्यायच्या, तर मचाण हवे.

मग काय विचारता! एका मोडक्या ट्रेलरच्या लोखंडी नळ्या कापल्या, जोडल्या. त्यावर प्लायवूड ठोकले. त्यावर आम्ही पांढरे कठडे आडवे झालो. गाडी पुढे जाऊन ट्रकच्या काचेवर आदळू नये म्हणून पुढे भक्कम दांडा बसवला. गाड्या चढवायची उतरती शिडी माझ्या पोटातल्या फटीत सरकवली, टेबलाच्या खणासारखी. मार्नी हातमोजा काढून प्रत्येक स्क्रूवरून उघडा तळवा फिरवी. एखाद्याचे डोके वर आलेले लागले की ओरडे, "डॅड, हा टोचतोय!"

विल्फ कुंपणापाशी उभा राहून कॉफी पीत असे. "काय रे लॉर्न, गाई झोपवायला पलंग करतोयस का?"

"तोंडाने नट घट्ट होत नाहीत, विल्फ. तो पाना दे इकडे."

"मी पाना द्यायचा, मी कठडे द्यायचे. नाव मात्र तुझं!"

"तुझंही घालतो. खालच्या बाजूला."

दुसऱ्या दिवशी डोंगरावर जायचे, म्हणून शुक्रवारी मार्नी शाळेतून येताच आमची परीक्षा झाली. लॉर्न आपली मोठी गाडी घेऊन वेगात शिडी चढला. माझ्या अंगावर येताच ती गाडी सुर्रकन घसरली, पुढच्या दांड्यावर जाऊन धाडकन आदळली आणि थांबली. विल्फने दोन्ही हात वर केले. "गोऽऽल!"

मार्नी पोट धरून हसली. मग आली पिवळी गाडी. लॉर्न तिला जपून, हळूहळू वर आणू लागला. शिडीवर ती नीट चढली, पण माझ्या गुळगुळीत अंगावर तिचा पट्टा नुसताच गरगर फिरू लागला. दाते काही पकड घेईनात. गाडी थरथरली, मागे सरकली आणि शिडीवरून उलटी घरंगळत बर्फाच्या ढिगात घुसली. लॉर्नने वेळेवर उडी मारली म्हणून बरे.

आता कोणीच हसत नव्हते.

"मोठी गाडी वेगात आली म्हणून चढली," लॉर्न अंगावरचा बर्फ झटकत म्हणाला, "आणि थांबली ती दांड्यामुळे. मी नाही थांबवली. हे धोक्याचं आहे, पोरी. उद्या तू माझ्यामागे बस."

"पुन्हा मागे? डॅड, सगळी पोरं आपापल्या गाडीवर असतील!"

"असू देत. हातपाय शाबूत राहिले तर पुढच्या वर्षी तूही असशील."

विल्फने टोपी काढून डोके खाजवले. "चूक माझीही आहे रे. चकती घसरावी म्हणूनच हे कठडे इतके गुळगुळीत करतात. आपल्याला हॉकीपलीकडे काही सुचतच नाही."

मित्रांनो, मला फार वाईट वाटले. जो गुळगुळीतपणा मी आयुष्यभर मिरवला, तोच आज या मुलीच्या आड आला होता.

मार्नी रागाने माझ्यावर चढली आणि पाय घसरून धप्पकन बसली. उठली. पुन्हा बसली. मग स्वतःच्या पायांकडे बघत राहिली.

"विल्फ," ती एकदम म्हणाली, "आम्ही हॉकी खेळायला स्केट घालून कपडे बदलायच्या खोलीतून मैदानापर्यंत चालत येतो, तेव्हा का पडत नाही?"

"खाली रबर अंथरलेलं असतं म्हणून. आम्ही काय वेडे आहोत..." विल्फ बोलता बोलता थांबला. मग त्याने कॉफीचा कप कुंपणाच्या खांबावर ठेवला आणि चावी शोधत तो गाडीकडे पळाला. "त्या रबराच्या जुन्या गुंडाळ्या पडल्यात मैदानाच्या मागच्या खोलीत! आलोच!"

काय घाई उडाली म्हणून सांगू! घसरपट्ट्या जिथून जाणार तिथे माझे गुळगुळीत प्लास्टिक तसेच ठेवले. मधोमध, पट्टा जिथून जाणार तिथे, स्केटच्या पात्यांनी चरे पडलेले काळे रबर पक्के बसवले. लॉर्न पुन्हा पिवळ्या गाडीवर बसला. मार्नी बाजूला उभी राहून हाताने खुणा करू लागली. गाडी शिडी चढली, माझ्यावर आली. पट्ट्याने रबराला गच्च धरले. मार्नीने हात वर केला आणि गाडी तिथेच थांबली. दांड्यापासून वीतभर अलीकडे!

"आज गोल नाही झाला," विल्फ म्हणाला.

"तेच तर हवं होतं," लॉर्न म्हणाला. मग त्याने मुलीची टोपी तिच्या नाकापर्यंत ओढली. "उद्या लवकर उठ. आपल्याला दोन गाड्या बांधायच्या आहेत."

शनिवारी डोंगराच्या पायथ्याशी माझ्याभोवती लोक जमले. कोणी ठोकून बघे, कोणी शिडी ओढून बघे. मार्नी माझ्या अंगावरचा, हॉकीच्या चकतीने पडलेला एक काळा डाग सगळ्यांना दाखवत होती. "ही खूण माझ्या फटक्याची!" मग तिने पिवळ्या गाडीची इंजिन सुरू करायची दोरी खेचली. इंजिन खोकले, गुरगुरले, आणि मार्नी एकटी, ताठ बसून, झाडांमध्ये दिसेनाशी झाली. मी दिवसभर रिकामे उभे होते, पण तो खोकणारा आवाज ऐकू येईल म्हणून वाट बघत होते. संध्याकाळी तो आला. तिच्या पापण्यांवर बर्फ जमला होता आणि हसू काही केल्या आवरत नव्हते.

घरी पोहोचून गाड्या उतरवल्यावर सगळे आत पळाले. आतून गरम रश्श्याचा वास येत होता. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्या मिठाचा चिखल माझ्या अंगावर होता. शिडीच्या फटीत बर्फ भरला होता. तो रात्रीत दगडासारखा घट्ट झाला असता तर शिडी अडकली असती, आणि त्या मिठाने माझे लोखंड हळूहळू खाल्ले असते. मला मैदानामागची ती जागा आठवली. मित्रांनो, वस्तू कामाने झिजते, पण मोडते ती काम संपल्यावर आपण पाठ फिरवतो तेव्हा. तुमच्याही घरी दिवसभर राबून कोपऱ्यात पडलेले काहीतरी असेल. जेवायला बसण्याआधी एकदा त्याच्याकडे बघा. मी इतक्या हिवाळ्यांनंतरही उभे आहे, ते त्या संध्याकाळी जे घडले त्यामुळे.

दार पुन्हा उघडले. एका बुटाची नाडी सुटलेली, हातात झाडू, अशी मार्नी बाहेर आली.

"अगं, रस्सा थंड होतोय!" आतून लॉर्न ओरडला.

"आले! हे दिवसभर माझ्यासाठी थांबलं होतं ना!"

तिने झाडूच्या दांड्याने फटीतला बर्फ उकरून काढला. अंगावरचा चिखल झाडला. फडक्याने लोखंड कोरडे पुसले. मग गुडघ्यांवर बसून तिने हातमोजा काढला, आणि पहिल्या दिवसासारखाच एकेका स्क्रूवरून उघडा तळवा फिरवू लागली.