नाकातून गेलं

"चाटून चाटून जीभ झिजवशील येड्या. पाय हाय तो, पेढा नाय."

सासरे पडवीत बसून मुकादमाच्या कानाशी कुरकुरत होते. मधे फक्त खिडकीचे गज आणि आत तांदूळ निवडणारी मी, त्यामुळे ते बोलणं माझ्याही कानाशीच होतं. आमच्या घरात सासरे मनमोकळं बोलतात ते एवढ्या एकाशीच. आम्हाला नुसते हुंकार मिळतात.

मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. माझा नवरा गोरख रोह्याच्या कंपनीत आहे. एकदा शिफ्ट सुटल्यावर वरसेच्या वळणावरून त्याने हे पिल्लू डब्याच्या पिशवीत घालून आणलं, तेव्हा ते भाकरीपेक्षा फार मोठं नव्हतं. नाव सासऱ्यांनी ठेवलं. गवत कापायला माळावर निघालो की हा सगळ्यांच्या पुढे. तिथे पोचला की बांधावर बसून एकेकावर नजर ठेवणार आणि स्वतः काडीला तोंड लावणार नाही. "मुकादम दुसरं काय करतो?" सासरे म्हणाले, आणि तेच नाव पडलं. सासूबाई गेल्यापासून म्हातारा ह्या कुत्र्यासाठी उठतो आणि ह्या कुत्र्याबरोबर जेवतो. आधी त्याला तुकडा, मग स्वतःला. हे मी कौतुकाने सांगत नाही, धास्तीने सांगते.

यंदा दिवाळीनंतर आम्ही कापणीला गेलो तोवर माळावरच्या कुसळीला चांगलीच कुसळं धरली होती. ज्यांनी ती पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. कुसळ म्हणजे सुईसारखं टोकदार बी, मागे लांब काळसर शेपूट, टोकाशी उलटे केस. एकदा शिरलं की पुढेच जातं, मागे येत नाही. पाणी लागलं की शेपटाचा पीळ सुटतो आणि ते गरागरा फिरत आणखी आत घुसतं. कापणीवरून आल्यावर आम्ही बायका साडीच्या काठातून कुसळं उपटत बसतो आणि गवताला शिव्या घालतो. मुकादमाच्या बोटांच्या बेचक्यात कुणी पाहिलं नाही. तो चाटत होता, म्हणजे पाणीही तोच घालत होता बिचारा.

पुढच्या उजव्या पायाच्या दोन बोटांत फोड आला, फुटला, बारीकसं भोक राहिलं. त्यातून लालसर पाणी यायचं. "वारा लागंल," म्हणत सासऱ्यांनी लेपाची वाटी काढली.

सासऱ्यांचा, म्हणजे गुणाजीबाबाचा, लेप आमच्याकडे दहा गावांना ठाऊक आहे. हळद, चुना आणि एका वेलाचा पाला. वेलाचं नाव ते कुणाला सांगत नाहीत. कापणीत कुणाचा हात विळ्याने कापला की माणूस दवाखान्याआधी आमच्या पडवीत येतो. लेप फुकट. फक्त लावून झाल्यावर 'येतो' म्हणायचं नाही, मुकाट उठून चालू पडायचं, नाहीतर म्हणे गुण जातो. सासऱ्यांचं शास्त्र एवढंच: जखम म्हणजे उघडं दार, त्यातून वारा शिरतो, दार लवकर लावा. विळ्याच्या कापाला ते लागूही पडतं. माझ्या अंगठ्यावर त्यांनी लेप लावून बुजवलेला एक काप आहे. आता शोधावा लागतो.

मुकादमाचंही भोक बुजलं. "बघ," सासरे मला म्हणाले. त्यांच्या मानाने ते भाषणच होतं.

मग तो पुन्हा लंगडू लागला. ह्या वेळी सूज मनगटाच्या वर. पुन्हा भोक, पुन्हा लेप, पुन्हा बुजलं. लोक येता-जाता म्हणत, "बाबाच्या हाताला गुण हाय." त्यानंतर त्याच्या बगलेत लिंबाएवढी गाठ आली आणि मुकादमाने भाकरीकडे बघायचं सोडलं. त्याच्यामागोमाग म्हाताऱ्यानेही ताट सरकवलं. तेव्हा गोरख म्हणाला, "आता पेणला न्यायचा."

पेणला जाताना मिनीडोर रिक्षात तो माझ्या मांडीवर होता. शेजारची बाई पदर नाकाला लावून म्हणाली, "कुत्र्याला दवाखाना! आमचा म्हातारा खोकतोय तर त्याला कोन नेत नाय." सासरे म्हणाले, "त्याला बी बसव मांडीवर." वडखळपर्यंत मग बाई रस्त्याकडे बघत बसली.

पेणच्या डॉक्टर अपेक्षा वयाने लहान, बोलायला कमी. त्यांनी मुकादमाला भूल दिली, बगल भादरली, गाठीला चीर दिली. पू निघून गेल्यावर लांब चोचीचा चिमटा आत घालून त्या बराच वेळ शोधत राहिल्या. नजर दुसरीकडेच, सगळं बोटांवर. मी शिवणातली हरवलेली सुई अशीच शोधते. शेवटी चिमट्याच्या टोकाला काळं काहीतरी आलं. कापसावर ठेवल्यावर कळलं, शेपूट तुटलेलं कुसळ.

"एवढंच?" सासरे म्हणाले.

"एवढंच असतं, बाबा."

त्यांनी जखम आतून धुतली, पू वाहता राहावा म्हणून तिच्यात रबराची पट्टी सोडली आणि आम्हाला बजावलं. सकाळ-संध्याकाळ कोमट मिठाच्या पाण्याने धुवायचं. वरून काहीही लावायचं नाही. "जखम आतून भरत यायला हवी. वरून आधी बंद झाली तर आतलं आतच राहतं आणि वाट काढत पुढे जातं." मग त्यांनी विचारलं, "आधी काही लावलं होतं का?"

मी भिंतीवरचा म्हशींच्या लसीचा तक्ता वाचायला लागले. गोरख म्हणाला, "हळद."

सासरे कापसावरच्या कुसळाकडे बघत होते.

पुढचे काही दिवस बरे गेले, आणि त्याचंच आता जास्त वाईट वाटतं. चाटू नये म्हणून मुकादमाच्या गळ्यात प्लास्टिकचा कर्णा होता. पोरं ओरडायची, "मुकादमाला लाऊडस्पीकर लावला रे!" तो कर्णा दाराला आपटत, तुळशीची कुंडी पाडत घरभर फिरायचा. धुण्याचं पाणी सासरेच गरम करायचे, कोपर बुडवून बघायचे, तान्ह्या पोराला बघतात तसं. लेपाची वाटी फडताळात मागे गेली. एका दुपारी मुकादमाने माझ्यासमोर सुक्या बोंबलाचं डोकं पळवलं आणि मी त्याला मारायच्या ऐवजी डोळे पुसत बसले.

मग खोकला सुरू झाला.

आधी वाटलं, थंडी. मग त्याचा श्वास पोटातून ओढल्यासारखा यायला लागला. आडवा होईना, बसूनच झोपायचा, कोपरं बाहेर काढून, मान लांब करून. अंग तव्यासारखं. डॉक्टरबाईंनी छातीचा फोटो काढायला रोह्याला पाठवलं. गोरखच्या मोटरसायकलवर मधे मुकादम, मागे मी. वरसेच्या वळणावर त्याने मान वर करून हवा हुंगली. आपण कुठून आलो ते त्याला आठवलं असेल, असं मी उगीच मनाशी म्हटलं.

तो फोटो घेऊन आम्ही पुन्हा पेणला गेलो, ह्या वेळी सासऱ्यांनाही घेऊन. फोटोत अर्धी छाती पांढरी होती. बाईंनी सुई घालून मातकट पाणी काढलं. सिरिंज भरत होती आणि त्या रिकामी करत होत्या. म्हणाल्या, आत अजून कुसळ आहे, एक किंवा जास्त. फोटोत गवत दिसत नाही. ते काढायचं तर मुंबईला मोठ्या दवाखान्यात छाती उघडावी लागेल, आणि ह्याच्या अंगात आता भूल सोसायची ताकद उरलेली नाही.

"मग?" मी विचारलं.

त्या मला दारापाशी घेऊन आल्या. हळू बोलल्या. "घरी न्या. औषध चालू ठेवा. फार त्रास व्हायला लागला तर मला फोन करा, मी येऊन त्याला कायमचं झोपवेन." मग आणखी हळू, "पायातूनच वर सरकलंय हे. पहिल्यांदा सुजलं तेव्हाच उघडं ठेवून काढलं असतं..."

त्या थांबल्या, कारण मुकादमाच्या डोक्यावर हात ठेवून सासरे आमच्याकडेच बघत होते. बाईंनी आवाज मोठा केला. "कधीकधी नाकातूनही जातं हं, बाबा. गवतात हुंगताना श्वासाबरोबर थेट छातीत. कुणाच्या हातातली गोष्ट नसते."

त्या पोरीचे मी मनोमन पाय धरले.

गोरखने तो शब्द तिथल्या तिथे उचलला. "व्हय, नाकातूनच. सगळीकडं नाक खुपसायचा हा." परतीच्या मिनीडोरमध्ये ड्रायव्हरने विचारलं, गोरख म्हणाला, नाकातून गेलं. शेजारीण आली, मी म्हटलं, नाकातून गेलं. नणंदेचा फोन आला, तिलाही नाक. आमचं अख्खं घर त्या नाकावर उभं राहिलं. 'झोपवेन' हा शब्द मात्र घरात कुणी काढला नाही. फोन फडताळावर पडलेला असायचा आणि आम्ही त्याच्याकडे पाठ करून बसायचो.

सासरे ऐकायचे. हो म्हणायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत.

एका संध्याकाळी मी चहा घेऊन पडवीत गेले. मुकादम भिंतीला टेकून बसल्या बसल्या श्वास ओढत होता. सासरे त्याच्याजवळ. कुठून तरी, बहुतेक पेंढीतून, त्यांनी एक कुसळ काढलं होतं आणि सदऱ्याच्या बाहीत मनगटाशी ठेवलं होतं, टोक वर करून. आमच्या गावात प्रत्येक पोराने हा खेळ केलेला असतो. हात नुसता हलवत राहायचं, कुसळ आपलं आपण वर चढतं. मनगटातून कोपरात, कोपरातून दंडात. माझ्या लेकाला हा खेळ ह्याच म्हाताऱ्याने शिकवला होता, आणि ते बगलेत टोचल्यावर दोघं हसत सुटले होते.

आता ते हात हलवत होते आणि सदऱ्याच्या आतला तो बारीक उंचवटा कुठे पोचला ते दुसऱ्या हाताच्या बोटाने चाचपत होते.

"चहा," मी म्हटलं.

"ठेव."

मी ठेवला आणि आत आले. मी काही म्हणायला हवं होतं का? असेल. पण काय म्हणणार होते? पुन्हा नाकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवरची जानी आली. दरवर्षी आमच्याबरोबर गवत कापायला असते. जीभ विळ्यासारखीच चालते तिची. ती पाय उचलत उचलत पायरीवर येऊन बसली. टाच सुजून टम्म, मधे काळा ठिपका.

"लेप द्या वो बाबा. बाभळीच्या काट्यावर पाय पडला. रातभर ठणकतोय." मग तिचं लक्ष मुकादमाकडे गेलं. त्याची जीभ निळसर पडली होती, प्रत्येक श्वासाला मान पुढे जात होती. "आगो बाय! ह्याला काय झालं?"

"कुसळ गेलं," मी म्हटलं. "नाकातून."

"नाकातून?" जानी म्हणाली. "आता गवतानं बी नाकातून जायाचं ठरवलं का?"

मी फडताळातून वाटी काढून सासऱ्यांपुढे ठेवली. म्हटलं, हात कामाला लागतील, तेवढंच बरं. त्यांनी वाटी घेतली, झाकण काढलं नाही. जानीची टाच मांडीवर घेऊन अंगठ्याने दाबली. ती ओरडली.

"टोक आत हाय?"

"आसंल. भाईर तर नाय आलं."

"मग पेणला जा."

"कुनाकडं? त्या कुत्र्याच्या डाक्टरनीकडं?" जानी हसली. "मी काय चावते का कुनाला?"

"सरकारी दवाखान्यात जा. चीर मारून काडून घे. काडल्याबिगर बुजवू नको."

"मला कामावर जायाचं हाय, बाबा. लेप लावा आन् मोकळी करा. तुमीच सांगत आलात ना, दार उघडं ठेवू नको, वारा शिरतो? आता काय, वाऱ्याशी सोयरीक झाली?"

सासऱ्यांनी तिचा पाय हळूच खाली ठेवला. मुकादम खोकला. त्याच्या तोंडातून फेस आला, तो त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसला.

रात्रपाळी करून आलेला गोरख दारात उभा होता. घाईने म्हणाला, "बाबा, लावा तिला. तिचं वेगळं, ह्याचं वेगळं. ह्याचं तर नाकातून—"

"नाकातून नाय गेलं, गोरख."

म्हाताऱ्याने वाटी उलटी करून जमिनीवर ठेवली. आमच्यापैकी कुणाकडेही न बघता, कुत्र्याकडे बघत तो बोलला.

"पायातून गेलं. मी वरून बुजवलं तवा ते आत होतं. मीच मारला ह्याला, आन् आता ह्यो वाचत नाय. त्या बाईला फोन लाव."