थांबलेला ऊस

मुलांनो, अशी कल्पना करा की थंड व्हायला वाफ्यात ओतलेल्या गुळावर तुम्हीच बोट टेकवलं आहे. एव्हाना तो घट्ट व्हायला हवा. पण बोट आत जातं आणि मधासारखी तार घेऊन वर येतं.

स्वरालीचं बोट असंच वर आलं. तिने ते चाटलं. गोड होतं, पण तो गूळ नव्हता.

"लिंबू पिळलंय कुणीतरी," रामहरीतात्या म्हणाले.

तात्या तिचे आजोबा. इंदापूरकडच्या रस्त्यालगतचं हे गुऱ्हाळ त्यांचंच. उकळत्या रसात आंबट पडलं की ढेप बसत नाही, हे तिथल्या पोरांनाही ठाऊक होतं. चुलवाणापाशी बसलेल्यांची कुजबुज थांबली आणि नजरा रतनकाकूकडे वळल्या. तात्यांच्या पुतण्याची ही बायको. दोन्ही घरांच्या चुली यंदाच वेगळ्या झाल्या होत्या, आणि काकू सकाळी रस उकळायच्या काहिलीजवळ येऊन गेली होती.

"पदरात काय व्हतं गं?"

"घेवड्याच्या शेंगा. तुमच्याच सुनंला दिल्या की, तात्या."

"शेंगा हिरव्या, लिंबूबी हिरवंच."

"मग लुगडंबी हिरवंच हाय माझं. त्ये पिळलं म्हना!"

कुणी हसलं नाही.

"उद्यापासनं हितं पाय ठिवायचा न्हाय," तात्या म्हणाले.

काकू प्राचीचा हात धरून निघून गेली. प्राची काकूची मुलगी, स्वरालीची जिवाची मैत्रीण. तिने वळूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी स्वराली आसावरीआत्याजवळ जाऊन बसली. आत्या म्हणजे तात्यांची मुलगी; बारामतीला शाळेत विज्ञान शिकवायची आणि गुऱ्हाळासाठी घरी आली होती.

"आत्या, लिंबाशिवाय गूळ बिघडतो?"

आत्याने उसाचं कांडं हातात घेतलं. "उसात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. इन्व्हर्टेज म्हणतात त्याला. ऊस वाढत असतो तेव्हा ते साखर फोडून कोवळ्या शेंड्याला पुरवतं. उसाला इजा झाली तरी तेच कामाला लागतं."

"म्हंजी चांगलंच की."

"चांगलंच. पण ऊस तोडला, शेंडा गेला, तरी त्याचं काम थांबत नाही. ऊस उन्हात पडून राहिला की ते साखर फोडतच बसतं. आणि फुटलेल्या साखरेची ढेप बसत नाही."

स्वरालीने उसाच्या ढिगाकडे पाहिलं. तोड कधीच झाली होती. पण रसाचं पहिलं आधण चतुर्थीलाच लावायचं, मोरगावच्या प्रसादाचा नारळ फोडून, ही तात्यांची रीत. आजची चतुर्थी उजाडेपर्यंत ऊस कितीतरी दिवस उन्हात पडून होता.

"तात्यांना सांग ना."

"मी सांगितलं तर म्हणतील, शिकली नि देवाला नावं ठेवाय लागली."

दुसऱ्या दिवशी शेतातून ताज्या तोडीची गाडी आली. चरकाशेजारीच उभी राहिली म्हणून तोच ऊस आधी गाळला. दुपारी वाफ्यातली ढेप टणक निघाली.

तात्यांनी ढेपेवर थाप मारली. "बगा! रतन न्हाय, तर कशी बसली!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्या खाली बघत राहिली.

स्वराली मात्र उठली. जुन्या ढिगातला एक ऊस तिने ओढून काढला, फरफटत चरकापाशी आणला आणि तात्यांच्या पायाशी ठेवला.

"तात्या, आता ह्याचं आधण लावा," ती म्हणाली. "काकू हितं न्हाय, तवरच."

आणि ती दुसरा ऊस आणायला वळली.