रित्सुचा उरलेला धडा

शाळेचं नाव काढलं की दार लावून घेणाऱ्या मुलांसाठी ऑनलाइन वर्ग काढणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं जपानमधल्या नागाओका शहरातल्या त्या घरबसल्या शिकवणाऱ्या शाळेत सगळेच म्हणत. कुसाकाबे सर मात्र हट्टाला पेटले होते. पोरं मध्येच सोडून जातात म्हणून त्यांनी धडे आखूड केले. प्रत्येक धड्याच्या शेवटी लाल पेनाने शाबासकीचं फूल काढलं आणि एकेका मुलाचं नाव घेऊन, स्वतःच्या आवाजात, दोन शब्द भरले.

तरी गळती थांबेना. "मार्चपर्यंत एकाने तरी वर्ग पुरा करू दे," मुख्याध्यापिका मिझोगुची म्हणाल्या, "नाहीतर गाशा गुंडाळा."

एकटा रित्सु ओगिनो टिकला. रोज एक धडा, न चुकता. सरांचा सगळा जीव त्याच्यात अडकला होता, आणि हा पठ्ठ्या शेवटच्या धड्यापाशी येऊन थांबला! फोनही कोणी उचलेना. अखेर सर बर्फ तुडवत त्याच्या घरी गेले.

दार आईने उघडलं. आत पितरांच्या देव्हाऱ्यात रित्सुचा फोटो होता. पुढे उदबत्ती, भाताची वाटी आणि लॅपटॉप.

सरांनी विचारलं, "कधी?"

"पानगळीत. दोन-तीनच धडे झाले होते त्याचे. कळवायला हवं होतं, सर, चुकलंच माझं. पण तुम्ही रोज विचारायचात, 'काय रित्सु, जेवलास का? उद्या ये हं.' नातेवाईक तर आता त्याचं नावही काढत नाहीत. म्हणून रोज एक धडा मीच लावत गेले."

"आणि शेवटचा धडा?"

"त्यात 'उद्या ये' नसणार ना."

सरांनी मान खाली घातली. या पोराच्या नावावर वर्ग वाचवायचा? छे! "बाई, वर्ग आता बंद होईल," ते कसेबसे म्हणाले. "हे धडेही जातील."

"असं होय." तिने लॅपटॉप पुढे ओढला. मग तिने शेवटचा धडा लावला.

गणित संपलं. फूल उमललं. सरांचाच उत्साही आवाज खोलीत घुमला, "शाबास रित्सु! संपवलंस की रे! आता उद्या माझी वाट बघू नकोस. ऊठ, दार उघड आणि बाहेर पड."

या वाक्याचा सरांना केवढा अभिमान होता. आता ते परत घशात कोंबावंसं वाटलं.

आई उठली. तिने बाहेरचं दार सताड उघडलं आणि बाजूला सरून, वाट देत, उभी राहिली.

"जा बाळा," ती म्हणाली. "सर सांगतायत."