स्वयंपाकघरापुरती भाषा

ऋग्वेदा पाच वर्षांची होऊन शाळेत जाऊ लागली त्या वर्षी, म्हणजे १९९४च्या मार्चमध्ये, तिची आजी आशालताबाई न्यूझीलंडमध्ये लोअर हटमधल्या एका वृद्धनिवासात एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यांवर शाल टाकत होत्या. म्हातारा म्हणाला, "काउट." त्यांनी शाल छातीपर्यंत ओढली. तो शांत झाला. मग त्यांनी पिशवीतून वही काढली आणि एकेक अक्षर कोरत लिहिलं : काउट – थंडी.

वहीत त्याआधी दोन शब्द होते. स्तूल – खुर्ची. फेन्स्टर – खिडकी.

त्यांची मुलगी सुनीती तिथे नर्स होती. नातीला शाळेत सोडल्यावर घरी एकटीने बसून काय करायचं, म्हणून आशालताबाई तिच्याबरोबर येत, कपड्यांच्या घड्या घालत, म्हाताऱ्यांपाशी बसत. पुण्यात त्यांनी तेवीस वर्षं लोकांच्या घरी पोळ्या केल्या होत्या. अक्षरं शिकल्या त्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, साक्षरता वर्गात. नवा शब्द कानावर पडला की तो लिहून ठेवायची हौस अजून फिटली नव्हती.

"आई, कशाला त्रास घेतेस? मिस्टर व्हर्लिंडन नुसते बरळतात," सुनीती म्हणाली. "बेल्जियमच्या पार्लमेंटमध्ये होते, लिबरल पक्षाचे. ती कपाटातली पुस्तकं त्यांनीच लिहिलेली. स्ट्रोक आला आणि सगळं गेलं. इंग्लिश गेलं, स्वतःचं फ्रेंचसुद्धा गेलं."

"फ्रेंच त्यांची भाषा?"

"मुलीनेच फॉर्मवर लिहून दिलंय. आम्ही फ्रेंचची एक टीचर पण आणली होती. हे भिंतीकडे तोंड करून बसले."

"बरळणारा माणूस खुर्चीला रोज खुर्चीच म्हणतो होय?"

सुनीती चादर खोचत राहिली. "गुरुवारी डॉक्टर तपासायला येणार आहेत. यांना काही समजत नाही असं ठरलं, तर कुलूपवाल्या वॉर्डात हलवतील."

"तिथं खिडकी आहे?"

"आहे. उघडत नाही."

व्हर्लिंडन दिवसभर खिडकीशीच बसत. वारा कितीही बोचरा असला तरी त्यांना ती बोटभर उघडी लागे.

गुरुवारपर्यंत वहीत सोळा शब्द झाले. डॉक्टर नमस्कारादाखल "किया ओरा" म्हणत आले आणि खुर्ची ओढून समोर बसले. आज वार कोणता, हे शहर कोणतं, असं इंग्लिशमध्ये विचारू लागले. व्हर्लिंडन खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांची मुलगी सोलांज वेलिंग्टनहून ट्रेनने आली होती. पन्नाशी उलटलेली, कोटाची सगळी बटणं लावलेली. तिने वाकून फ्रेंचमध्ये काही विचारलं. वडिलांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं.

"सुनीती, मी वाचून दाखवू?" दाराशी उभ्या असलेल्या आशालताबाईंनी विचारलं.

"आई, आत्ता नको गं."

पण त्यांनी वही उघडली होती. वर्गात वाचत तसं शब्दाखाली बोट धरून त्यांनी वाचलं, "स्तूल. फेन्स्टर. काउट."

म्हाताऱ्याने मान वळवली. शेवटचा शब्द त्याने पुन्हा उच्चारून दाखवला, मास्तर चूक सुधारतात तसा. आशालताबाईंनी तो तसाच म्हटला. व्हर्लिंडननी मान डोलावली.

सोलांज कोटाचं वरचं बटण काढत होती. ते काढून तिने पुन्हा लावलं.

"ही फ्लेमिश आहे, बेल्जियमचीच," ती डॉक्टरांना म्हणाली. "आमच्या मोलकरणीची भाषा."

तिचं बोलणं सुनीती हळू आवाजात आईला मराठीत सांगू लागली. पपा जन्मभर त्या भाषेसाठी भांडले. कोर्टात गरिबाचं म्हणणं त्याच्या भाषेत ऐकलं जावं म्हणून पार्लमेंटमध्ये भाषणं केली. ही पुस्तकं तिच्यातच लिहिलेली आहेत. घरात मात्र फ्रेंच. मम्माला तेच शोभेसं वाटायचं, आणि पपांनी कधी हरकत घेतली नाही. फॉर्मवर भाषा विचारली, तेव्हा मी घरातली लिहिली.

"तुम्हाला बोलता येते ती?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. मोलकरणीला काम सांगण्यापुरती."

सुनीतीने तेही सांगितलं. आशालताबाई म्हणाल्या, "तेवढी पुरते. तेवढ्यावर मी चार घरं सांभाळली. सांग तिला, सांग म्हणावं काम."

सुनीतीने ते सोलांजला इंग्लिशमध्ये सांगितलं. मग वडिलांच्या गुडघ्यांकडे बघत सोलांजने एक वाक्य उच्चारलं. आशालताबाईंना त्यातला फेन्स्टर एवढाच शब्द कळला, पण सूर ओळखीचा होता. असं आखूड, शेवटाला खाली आपटणारं वाक्य त्यांनी तेवीस वर्षं ऐकलं होतं.

खासदार व्हर्लिंडननी शाल बाजूला ठेवली. खुर्चीच्या हातांवर भार देऊन ते उठले आणि त्यांनी खिडकी सताड उघडली. डॉक्टरांचे कागद फडफडले. म्हातारा पुढचं काम ऐकायला तसाच उभा राहिला.

सोलांजने दुसरं वाक्य उच्चारलं. त्यांनी खिडकी लावली. तिसरं उच्चारलं, तेव्हा ते टेबलापाशी गेले, जगमधलं पाणी पेल्यात ओतलं आणि सांडू न देता तिच्यापुढे आणून धरलं.

तिने पेला दोन्ही हातांनी घेतला. पाणी प्यायली. पुढे काय म्हणायचं ते तिला येत नव्हतं. तो शब्द त्या घरात मोलकरणीला कोणी म्हटला नव्हता. ती आशालताबाईंकडे बघू लागली.

आशालताबाईंनी वहीचं पान उलटलं. जिच्यापुढे 'आभार' लिहिलं होतं त्या नवव्या ओळीवर बोट ठेवून वाचलं, "बेदांक्त."

"बेदांक्त, पपा," सोलांज म्हणाली.

व्हर्लिंडन मुलीकडे बघून बोलू लागले. बरंच बोलले, मधे कुठे न अडखळता. खोलीत कुणालाच ते समजलं नाही. डॉक्टरांनी फॉर्मवरचा 'फ्रेंच' हा शब्द खोडला आणि पेनाला टोपण लावलं.

त्यानंतर दर गुरुवारी सोलांज ट्रेनने येत राहिली, पर्समध्ये एक जाड शब्दकोश घेऊन.

ओमेर व्हर्लिंडन त्याच खोलीत २ जुलै १९९५ रोजी वारले. रविवार होता. खिडकी बोटभर उघडी होती.