पत्ता वाचून ठरवलेला आजार

मित्रांनो, दवाखान्यात डॉक्टर जिच्या उजेडावर एक्स-रे अडकवून बघायचे ना, ती जुनी पत्र्याची पेटी म्हणजे मी. शिवाजी पेठेतल्या एका कारागिरानं मला घडवलं. पोटात दोन ट्यूबलाइट, तोंडावर दुधी काच. फुटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या मोडलेल्या नडग्या मी किती दाखवल्या असतील. तेव्हा माझ्या उजेडाचं कौतुक व्हायचं. आता सगळं कॉम्प्युटरवर दिसतं, मी धूळ खाते. पण माझं दुःख ते नाही.

माझं दुःख निशाचं आहे. हातकणंगल्याची सात वर्षांची पोर, खोकून बेजार झालेली. तिची फिल्म माझ्यावर लागली. उजव्या फुप्फुसात चेंडूसारखा गोल, गुळगुळीत कडेचा डाग. मी होता नव्हता तेवढा उजेड टाकला. डॉक्टरांनी डागाकडे नजर टाकली आणि केसपेपरवरचा पत्ता वाचला.

"भीमनगर. म्हणजे टीबीच."

निशाची आई अंजना उभ्यानंच म्हणाली, "घरात कुणालाच टीबी न्हाय की, डॉक्टर."

"बाई, डॉक्टर मी हाय का तू?"

थुंकी तपासली नाही. घरात कुत्रं आहे का, एवढंही विचारलं नाही. होतं. मटणाच्या दुकानामागं टाकलेली बकऱ्याची फुप्फुसं खाऊन वाढलेलं, निशाला बिलगून झोपणारं. तसल्या फुप्फुसांत कधी कधी पाण्याचे फोड असतात आणि त्यात जंताची पिल्लं. ती कुत्र्याच्या पोटात मोठी होतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून येतात, केसाला चिकटतात, पोरांच्या हातावाटे तोंडात जातात. मग फुप्फुसात पाण्याची पिशवी धरते.

निशा टीबीच्या गोळ्या गिळत राहिली आणि पिशवी वाढत राहिली. एक दिवस शाळेत खोकताना ती फुटली. तोंडातून खारट पाणी, अंगभर लाल गांधी उठल्या, श्वास अडकला. मोठ्या दवाखान्यात जीव वाचला, पण फुप्फुसाचा तुकडा काढावा लागला. आता पोर जिना चढताना मध्येच बसते.

अंजना ती जुनी फिल्म घेऊन परत आली. तिनंच ती माझ्यावर अडकवली.

"मोठ्या दवाखान्यात पहिल्यांदा हेच विचारलं, घरात कुत्रं हाय का म्हणून. तुमच्या तोंडाला काय झालतं?"

"असं होतं कधीतरी, बाई."

"मग ते आमच्यातच का व्हतं?"

डॉक्टरांनी बटण दाबून मला विझवलं.

मित्रांनो, कच्ची फुप्फुसं कुत्र्यापुढं टाकू नका, खोल पुरा. कुत्र्याला वेळच्या वेळी जंताचं औषध द्या. त्याच्याशी खेळलात की साबणानं हात धुवा. आणि तुमच्यापैकी कुणी डॉक्टर झालंच, तर एक करा. आधी पोराच्या आईला खुर्ची द्या, आणि ती काय सांगते ते शेवटपर्यंत ऐका.