मालिकेतला कोट

गरिबी बनवायला फार खर्च येतो, हे शिंपीणबाईंना स्टुडिओत कामाला लागल्यावर कळलं. मालिका होती एका जुन्या युद्धातल्या कामगार कुटुंबाची. थोरला मुलगा आघाडीवर, बाप संपावर, आणि आई प्रत्येक भागात दोनदा डोळे पुसणारी. बाईंनी बापासाठी नवा कोट शिवला, विटेने घासला, चहाच्या पाण्यात बुडवला, कोपरं फाडून ठिगळं लावली. दिग्दर्शकाने नाक मुरडलं. "मावशी, यात दुःख दिसत नाही हो!"

दुःख घरी भरपूर होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी खुंटीवरचा नवऱ्याचा ठिगळांचा कोट आणला. दिग्दर्शकाला गहिवरून आलं. त्याने कॉलरचा वास घेतला, आणि शेजारच्या चौघांनाही घ्यायला लावला.

पण कोट एकदा कॅमेऱ्यापुढे गेला की शेवटपर्यंत तोच लागतो. याला कंटिन्युइटी म्हणतात. घरचा माणूस त्यापायी कुडकुडतो, त्याला काय म्हणतात ते बाईंना कुणी सांगितलं नाही.

नवरा स्टुडिओसमोरच्याच कारखान्यात वेल्डर. युद्ध आताही चालूच होतं, त्यामुळे रणगाड्यांचं पोलाद जोडायचं काम जोरात होतं. धूर खेचणारा पंखा मात्र बंद पडला होता. तो दुरुस्त करा म्हणून कामगारांनी फाटकावर ठाण मांडलं. पंख्यापेक्षा कामगार बदलणं वरच्यांना सोपं वाटलं असावं. पोलिसांचा ट्रक यायचा, हाताला लागतील ते संपवाले उचलायचा आणि थेट आघाडीवर धाडायचा. बाईंचा धाकटा दीर असाच गेला. त्याची अजून काही खबर नव्हती.

"अहो, आजचा दिवस घरी बसा ना," बाईंनी सकाळी विनवलं.

"मी बसलो की उद्या दुसरा बसेल." नवऱ्याला खोकल्याची ढास लागली. "माझा कोट कधी येणार?"

"मालिकेतला बाप मेला की."

"मग कधी मरतोय?"

"लांबवताहेत. लोकांना आवडायला लागलाय."

दुपारपर्यंत बाईंनी कळ काढली. आत हीटर लावलेल्या सेटवर बापाचं काम करणारा नायक त्या कोटात घामाने निथळत होता आणि दिग्दर्शक ओरडत होता, "थंडी वाजू दे! अजून वाजू दे!" खिडकीतून फाटक दिसत होतं. नवरा नुसत्या शर्टात खोकत उभा होता. नायकाचा स्वतःचा, फरच्या कॉलरचा कोट बाईंच्या ताब्यात, कपड्यांच्या खोलीत टांगलेला होता. जेवणाची सुट्टी होताच त्यांनी तो उचलला आणि रस्ता ओलांडला.

"तासभर घाला. तो जेवतोय."

"हे घालून संपावर उभा राहू? शोभतं का?" तोवर बाईंनी तो त्याच्या अंगावर चढवलाही होता.

"काय मालक, पंखा बघायला आलात?" शेजारचा फिटर म्हणाला. सगळे हसले. नवऱ्याने कानापर्यंत लाल होत बटणं काढायला घेतली.

तेवढ्यात नायक त्या ठिगळांच्या कोटातच आला. अभिनयात खरेपणा यावा म्हणून जेवणानंतर तो रोज संपवाल्यांच्या शेकोटीपाशी जरा वेळ उदास उभा राहायचा. आज तो उदास होतो न होतो तोच ट्रक आला.

पळापळ झाली. खोकल्यामुळे नवऱ्याला पळता येईना, आणि पळायचं असतं हे नायकाला कुणी शिकवलेलं नव्हतं. हवालदाराने त्याची ठिगळाची बाही धरली.

"अरे, मी नट आहे! मालिकेतला बाप!"

"तो बाप? तो केवढा खंगलाय! तू चांगला खाऊनपिऊन सुखी दिसतोस."

"मावशी, सांगा ना यांना!"

हवालदार वळला. "बाई, याला ओळखता?"

खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: हा जुना कोट कुणाचा, आणि फरच्या कोटात खोकणारे हे गृहस्थ कोण?

"कोट ओळखते," त्या म्हणाल्या. "कोपरावरची ठिगळं माझ्याच हातची."

"झालं तर! बायकोनेच ओळखलं." हवालदाराने नायकाला ट्रकमध्ये ढकललं आणि वेल्डरला अदबीने म्हणाला, "साहेब, आपण जरा बाजूला व्हा. धक्का लागेल."

साहेबांनी सगळं खरं सांगायला तोंड उघडलं, पण त्यांना पुन्हा ढास लागली. बाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला.

ट्रक निघाला तसा दिग्दर्शक धावत आला. "अहो, थांबवा! माझा कोट चालला!"

बाईंना स्वतःची लाज वाटली. पण नायकाला संध्याकाळपर्यंत कुणीतरी सोडवून आणणार होतं, त्याला अख्खं शहर ओळखत होतं. नवऱ्याला ओळखणाऱ्या त्या एकट्याच होत्या. त्यांनी त्याच्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली.